खडकओढ्याचा कौल

एका वस्तीत एक भोळा कुंभार होता. वस्तीचं नाव खडकओढा आणि त्याचं नाव रखमाजी. घरांवर घालायची कौलं करण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. त्याचं कौल बोटानं वाजवलं की घंटेसारखं वाजे. मात्र त्याच्याशी बोलताना जपून बोलावं लागे. बायको सगुणा एकदा शेजारी जाताना म्हणाली, "चुलीवरच्या दुधाकडे जरा बघा." ती परत आली तर दूध उतू गेलेलं, चूल विझलेली, आणि रखमाजी दुधाकडे बघत बसलेला.

"अहो, उतू चाललं होतं तर उतरवायचं नाही का?"

"असं होय! ध्यानात ठेवतो," रखमाजी म्हणाला.

आणि रखमाजीच्या एकदा ध्यानात बसलं की बसलं.

खडकओढ्यात शंभर घरं झाली होती, पण बाजार नव्हता. मीठ आणायचं तर नदी ओलांडून पलीकडच्या कसब्याला जायचं. मडकी विकायची तर तिथंच. बांधावरून भांडण झालं तरी निवाडा कसब्याच्या देशमुखाच्या दारात, आणि तो जेवून उठेपर्यंत उन्हात ताटकळायचं. लोक कंटाळले. आपली स्वतःची पेठ वसवायची, आपला बाजार, आपली चावडी, आपले तंटे आपणच मिटवायचे, असं ठरलं. त्यासाठी राजाचा कौल लागे. कौल म्हणजे राजानं दिलेली परवानगी, अमुक गावाला अमुक हक्क दिले म्हणून.

कौल आणायला कुणी जायचं? वस्तीत पाच पंच होते आणि पाचही शहाणे. दुर्गोजी त्यांच्यातला वडीलधारा. पण दुर्गोजी गेला तर पेठेचा शेटे, म्हणजे मुख्य कारभारी, म्हणून स्वतःचंच नाव घालून आणेल, असं बाकी चौघांना वाटलं. दुसरा गेला तर तोही तेच करेल, असं दुर्गोजीला वाटलं. कुणाचाच कुणावर विश्वास नव्हता. मग सगळ्यांच्या नजरा रखमाजीकडे वळल्या.

"हा बरा," दुर्गोजी म्हणाला. "सांगू तेवढंच करतो. रखमाजी, राजाकडे जायचं आणि कौल मागायचा. कौल घेतल्याशिवाय माघारी यायचं नाही."

रखमाजीला फार बरं वाटलं. आजवर त्याला कुणी एवढं मोठं काम सांगितलं नव्हतं. त्यातून कामही त्याच्याच धंद्यातलं. त्यानं भाकरी बांधून घेतली आणि दोन दिवस चालून राजधानी गाठली.

राजा सदरेवर बसला होता. शेजारी चिटणीस कान्हेरपंत लेखणी घेऊन बसले होते.

"काय हवं?" राजानं विचारलं.

"कौल हवा, महाराज. खडकओढ्याला."

"दिला!" राजा म्हणाला. त्याला नवी पेठ हवीच होती. "कान्हेरपंत, लिहा."

कान्हेरपंतांनी लेखणी दौतीत बुडवली. तोवर रखमाजी मुजरा करून बाहेर पडलासुद्धा. पहारेकऱ्याकडून त्यानं शिडी मागून घेतली. "महाराजांनी कौल दिलाय," म्हणाला. वाड्याच्या छपरावर चढला. आठ-दहा कौलं वाजवून बघितली. राजाच्या मानानं भाजणी कच्चीच होती, पण दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवू नयेत म्हणून तो काही बोलला नाही. त्यातल्या त्यात एक चांगलं निवडलं, फडक्यात गुंडाळून काखेत मारलं आणि घरचा रस्ता धरला.

खडकओढ्यात वाजतगाजत स्वागत झालं. रखमाजीनं फडकं सोडलं. वाजंत्री थांबली.

"हे काय?" दुर्गोजी म्हणाला.

"कौल. राजाचं आहे. आपल्यापेक्षा कच्चं आहे."

दुर्गोजीनं कपाळावर हात मारला. "अरे, कौल म्हणजे कागद! लिहिलेला, राजाच्या शिक्क्याचा! लिहिलेलं नाही, शिक्का नाही, ते काही खरं नसतं. तोंडी बोलण्यावर तर मुळीच जायचं नाही."

"असं होय! ध्यानात ठेवतो."

रखमाजी पुन्हा दोन दिवस चालला. या वेळी कान्हेरपंतांनी त्याला दाराशीच अडवून कौलनामा त्याच्या हातात दिला. वरपासून खालपर्यंत दाट लिहिलेला, तळाशी लाखेचा शिक्का. रखमाजीनं तो धोतराच्या सोग्यात बांधला आणि परत निघाला. जवळची म्हणून धरलेल्या आडवाटेनं नदीशी आला तेव्हा काठावर एक कोळी जाळं वाळवत होता.

"ओ पाव्हणं!" कोळी ओरडला. "तिकडून नका जाऊ, डोह आहे! उजवीकडून उतार आहे!"

रखमाजी थांबला. "लिहून देता का?"

"काय?"

"लिहून. खाली शिक्का मारून."

"अहो, बुडाल!"

"तोंडी बोलणं काही खरं नसतं," रखमाजी त्याला समजावून म्हणाला, आणि चार पावलं टाकून डोहात गेला.

कोळ्यानं त्याला केस धरून बाहेर काढलं. रखमाजीच्या नाकातोंडात पाणी गेलं होतं, तरी पहिल्यांदा त्यानं सोगा चाचपला. कौलनामा होता. शिक्काही होता. अक्षर मात्र एकही उरलं नव्हतं. शाई डोहातल्या माशांना मिळाली होती.

तो रडवेला होऊन पंचांपुढे उभा राहिला. आता शिव्या बसणार म्हणून त्यानं मान खाली घातली. शिव्या बसल्या नाहीत. त्यानं हळूच वर बघितलं. पाचही पंच त्या कागदाकडे बघत होते. वर सगळा कोरा, आणि तळाशी राजाचा अस्सल शिक्का.

"वाळवा," दुर्गोजी हलक्या आवाजात म्हणाला. "जपून वाळवा." मग रखमाजीला म्हणाला, "हे कुणाला सांगायचं नाही. कुणी विचारल्याशिवाय याबद्दल बोलायचंच नाही."

"असं होय! ध्यानात ठेवतो."

पाच शहाणे त्या कागदावर पेठेचा कारभार लिहायला बसले. पहिल्या ओळीत शेट्याचं नाव घालायचं होतं. त्यावर तीन दिवस भांडण झालं आणि दुर्गोजीचं उपरणं फाटलं. शेवटी 'शेटे कोण ते मागाहून ठरेल' असं लिहून पहिली ओळ संपवली. पुढची कलमं मात्र झरझर झाली, कारण त्यांत कुणाचंच नाव नव्हतं. पेठेत कुणी उपाशी झोपू नये. मोकाट जनावर पेठेत फिरू नये. अशी बारा कलमं. ऐकायला फार गोड वाटली. पंचांनी एकमेकांना शाबासकी दिली.

"आणि ही पाळली जातात की नाही, ते कोण बघणार?" एकानं विचारलं.

पुन्हा सगळ्यांच्या नजरा रखमाजीकडे वळल्या.

सगुणानं त्या दिवशी त्याला भाकरी वाढताना सांगितलं, "अहो, सगळं ध्यानात ठेवत बसू नका. मधूनमधून डोकं चालवत जा."

"डोक्यातच ठेवतो," रखमाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती. रखमाजी बारा कलमं घोकत घरोघर फिरायला लागला. भर दुपारी दुर्गोजीच्या ओसरीवर त्याची म्हातारी आई पडली होती. डोळा लागला होता.

"आजी, जेवलीस का?"

"नाही रे बाबा, उपास आहे. चंद्र दिसल्यावर सोडायचा."

"मग ऊठ."

"का रे?"

"उपाशी झोपायचं नाही. कलम आहे."

म्हातारी हसली आणि कुशीवर वळली. रखमाजीनं आतून थाळी आणली आणि तिच्या कानाशी वाजवायला सुरुवात केली. ती माजघरात गेली, तो माजघरात गेला. ती परसात गोठ्यामागे जाऊन पडली, तिथंही थाळी. संध्याकाळी दुर्गोजी घरी आला तर आई खांबाला टेकून उभ्याउभ्या डुलत होती आणि रखमाजीचे दोन्ही हात दुखत होते.

"अरे गाढवा!" दुर्गोजी ओरडला. "उपाशी माणसाला जागं ठेवायचं नसतं! उपाशी दिसला की आधी त्याला पोटभर खाऊ घालायचं!"

"असं होय! ध्यानात ठेवतो."

मग आला पेठेचा पहिला बाजार. खडकओढ्यात एवढी माणसं कधी जमली नव्हती. कसब्याकडचे व्यापारीसुद्धा नदी ओलांडून आले. दुर्गोजीनं बरोबर मधोमध ज्वारीची मोठी रास घातली होती. तेवढ्यात कुठूनसा एक वळू बाजारात शिरला. बायका पळाल्या, पोरं झाडावर चढली. वळूनं एका पाटीत तोंड घातलं. रखमाजीनं त्याच्या पोटाकडे पाहिलं. पोट खपाटीला गेलेलं.

"उपाशी आहे बिचारा," तो म्हणाला.

त्यानं दुर्गोजीच्या राशीतून पाटी भरली आणि वळूपुढे ठेवली. वळूनं ती संपवली. रखमाजीनं दुसरी भरली. दुर्गोजी मिठाचा भाव करून परत आला तेव्हा रास अर्धी झाली होती, वळू रवंथ करत बसला होता आणि रखमाजी त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होता, "अजून घेतोस का थोडं?"

 दुर्गोजी ओरडायलाच लागला. "मोकाट हिंडताना दिसला की कोंडवाड्यात घालायचा! कुणाचा आहे ते विचारायचं! मालक स्वतः येऊन मागेपर्यंत सोडायचा नाही! मग आत तो किती का बोंबलेना!"

"असं होय! ध्यानात ठेवतो."

पेठ चांगली चालली आहे अशी बातमी राजापर्यंत गेली. राजानं खरंखोटं बघायला कान्हेरपंतांना पाठवलं. कान्हेरपंत हुशार. पालखीत बसून गेलो तर लोक सगळं चांगलंच दाखवतील, म्हणून त्यांनी पालखी गावाबाहेर वडाखाली ठेवली आणि एकटेच पायी बाजारात शिरले. इथं डाळ बघ, तिथं कापड चाचप, असे फिरत असताना समोर रखमाजी उभा राहिला.

"काय रे, ओळखलंस का मला?" कान्हेरपंत म्हणाले.

"ओळखलं की. तुम्ही चिटणीस."

"मग?"

"कुणाचे तुम्ही?"

"म्हणजे?"

"तुमचा मालक कोण?"

कान्हेरपंतांनी छाती पुढे काढली. "माझा मालक? खुद्द महाराज!"

"मग महाराज येऊन मागतील तेव्हा सोडतो," रखमाजी म्हणाला. त्यानं उचललं त्यांना. मडक्यांच्या मातीचे गोळे उचलणारा माणूस तो. कोंडवाड्यात दोन म्हशी आणि एक चावकं गाढव होतं, त्यांच्यात नेऊन ठेवलं आणि कडीला कुलूप घातलं.

कान्हेरपंत बोंबलले. रखमाजीला त्याचं काही वाटलं नाही, कारण ते आधीच सांगून ठेवलेलं होतं. तरी त्यानं त्यांच्यापुढे हिरवा चारा टाकला.

पाचही पंच धावत आले. "रखमाजी, सोड त्यांना!"

"हुकूम कुणाचा?" रखमाजीनं विचारलं. कलमांत लिहिलेलं होतं, हुकूम शेट्याचा चालेल. आणि शेटे कोण ते मागाहून ठरायचं होतं. पंच तिथंच, कोंडवाड्याच्या दारात, ठरवायला बसले. दोन दिवस झाले तरी ठरेना. आतून कान्हेरपंत एकेकाचं नाव सुचवून बघत होते. तोवर भोई पालखी घेऊन राजधानीला पोचले होते, आणि तिसऱ्या दिवशी घोड्यावर बसून राजा स्वतः आला.

"माझा चिटणीस कुठाय?"

"मागताय का?" रखमाजीनं विचारलं.

"मागतोय!"

रखमाजीनं लगेच कुलूप काढलं. कान्हेरपंत बाहेर आले. पागोट्यात कडबा अडकला होता आणि अंगरख्याची एक बाही गाढवानं नेली होती.

राजानं कौलनामा मागवला. बघितला. त्याच्या भुवया वर गेल्या. "हे अक्षर कान्हेरपंतांचं नाही. कुणी लिहिलं हे?"

पंच एकमेकांच्या मागे सरकायला लागले. राजाच्या शिक्क्यावर मनचं लिहायचं म्हणजे पेठ तर जाणारच, मागोमाग मुंडकीही जाणार. 

"मला विचारता का?" रखमाजी म्हणाला.

"विचारतो."

मग रखमाजीनं सगळं सांगितलं. कौल, कोळी, डोह, कोरा कागद, तीन दिवसांचं भांडण, फाटलेलं उपरणं. काही गाळलं नाही, काही घातलं नाही. दुर्गोजीनं डोळे मिटून घेतले होते. राजा आधी लाल झाला. गोष्ट म्हातारीच्या थाळीपाशी आली तेव्हा त्याच्या मिशा हलल्या. वळूपाशी तो घोड्याचा लगाम धरून वाकला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"पाच शहाण्यांनी कायदा लिहिला," तो डोळे पुसत म्हणाला, "आणि पाळला या एकट्यानं. आजपासून हाच शेटे. कान्हेरपंत, या वेळी तांब्याच्या पत्र्यावर कोरून द्या. पाण्यानं जायचं नाही असं." मग तो रखमाजीकडे वळला. "आणि शेटे, एक लक्षात ठेवा. दुसऱ्याचं असं अडकवून ठेवायचं नाही. मुदत संपली की ज्याचं त्याला आपण होऊन नेऊन द्यायचं. तो मागायला येईल म्हणून वाट बघायची नाही."

"असं होय! ध्यानात ठेवतो."

महिन्याभरात ताम्रपट आला. कान्हेरपंतांनी तो चावडीपुढे वाचून दाखवला. उभे राहून, आणि कोंडवाड्यापासून लांब. शेवटी त्यांनी आवाज चढवला: "जोवर आकाशात चंद्र आणि सूर्य आहेत, तोवर ही पेठ, हा बाजार आणि ही शेट्याची गादी अबाधित चालावी."

"आणि ते नसले तर?" रखमाजीनं विचारलं.

"नसले तर संपलं!" कान्हेरपंत वैतागून म्हणाले.

रखमाजी रोज सकाळी उठून सूर्य आहे की नाही ते बघायला लागला. असायचा. मग तो समाधानानं कामाला लागायचा. रात्री तो लवकर झोपे, त्यामुळे रात्रीचं त्याला काही ठाऊक नसे.

पेठ भरभराटीला आली. त्याला एक कारण होतं. शेट्यापुढे लोक जपून बोलायला लागले. कुणी रागात 'याची जीभ हासडा' म्हणेना, कारण शेटे उठून उभे राहत. कुणी उगाच 'माझं घर जाळलं तरी चालेल, पण' असं म्हणेना. भांडणं निम्म्यावर आली. खुद्द दुर्गोजीसुद्धा बोलायच्या आधी दोनदा गिळायचा. कसब्याचा देशमुख आता जेवून उठला की त्याच्या दारात कुणीच नसे.

असं वर्ष गेलं. आणि एका अवसेला भर दुपारी खग्रास ग्रहण लागलं.

लोक दारं लावून घरात बसले होते. रखमाजी अंगणात उभा होता. सूर्य कडेनं कुरतडला जात जात नाहीसा झाला. अंधारलं. कोंबड्या खुराड्यात शिरल्या. रखमाजीनं आकाशाच्या चारी कोपऱ्यांत बघितलं. सूर्य नव्हता. चंद्र नव्हता.  एवढी चांगली चाललेली पेठ!

"सगुणे," तो म्हणाला, "संपलं."

"अहो, ग्रहण आहे! आत्ता सुटेल घटकाभरात."

"सुटेल गं. पण मुदत संपली ती संपली. आता हे दुसऱ्याचं झालं."

सगुणानं त्याला अडवायला ताम्रपटाचं एक टोक ओढून धरलं, रखमाजीनं दुसरं. रखमाजीचे हात कुंभाराचे. डोळे पुसत, ताम्रपट डोक्यावर घेऊन तो निघाला. तो वेशीबाहेर पडेपर्यंत लख्ख ऊन पडलं होतं. त्यानं वर बघितलंसुद्धा नाही.

दोन दिवसांनी राजाच्या सदरेवर त्यानं ताम्रपट खाली ठेवला. "तुमचा तुम्हाला पोचता केला, महाराज. पेठ संपली. माणसांना हळूहळू उठायला सांगतो."

राजानं सगळं ऐकून घेतलं. आधी तो हसला. मग त्यानं समजावलं. मग पुन्हा समजावलं. रखमाजी मान हलवत होता, पण ताम्रपटाला हात लावत नव्हता. शेवटी राजा सिंहासनावरून उठला आणि त्यानं भिंतीवरची चांदीची नळी काढून तिच्यातला जुना कागद उलगडला.

"हे बघ, वेड्या! ही नुसती लिहायची पद्धत असते. चंद्र-सूर्य असेतोवर! सगळ्याच सनदांत लिहितात. हे माझं सगळं राज्य बादशहानं माझ्या आजोबांना दिलं, त्याची ही सनद. हिच्यातही तेच आहे!"

रखमाजी पुढे सरकला. "हिच्यातही?"

"शब्दाला शब्द!" राजा विजयानं म्हणाला.

रखमाजी राजाकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले. आपली एक पेठ गेली, पण या बिचाऱ्याचं तर सगळंच गेलं होतं, आणि अजून त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. त्यानं राजाच्या हातातून सनद अलगद काढून घेतली, नीट गुंडाळली, नळीत घातली आणि नळी काखेत मारली.

"तुम्ही कशाला त्रास घेता, महाराज," तो हळुवारपणे म्हणाला. "मी देऊन येतो."

राजाला कळेपर्यंत रखमाजी देवडी ओलांडून बादशहाच्या मुलखाच्या रस्त्याला लागला होता. राजा अनवाणी धावला. मागून कान्हेरपंत धावले. पहारेकरी, भोई, मुदपाकखान्यातले आचारी, सगळे "धरा, धरा" म्हणत धावले. रखमाजीनं वळून बघितलं आणि चालण्याचा वेग आणखी वाढवला. मग लांबूनच हात उंचावून ओरडला,

"धावू नका, महाराज! बादशहानं नवी दिली तर तीही घेऊन येतो! तोवर त्या सिंहासनावर तेवढं बसू नका हं! दुसऱ्याचं आहे!"